वऱ्हाडी स्वयंपाकघराचा जमाखर्च

फेब्रुवारी लागला की अकोल्याच्या बाजार समितीत नव्या तुरीचे ढीग पडू लागतात. आसपासच्या तालुक्यांतून ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात, हर्रास होतो आणि तूर डाळ गिरण्यांकडे रवाना होते. अकोल्याची तूरडाळ राज्याबाहेरही जाते. पण ज्या खेड्यातल्या शेतात ती तूर पिकली, त्याच खेड्यात दिवाळीच्या सुमारास एखादी बाई किराणा दुकानात अर्धा किलो डाळ मागते. नवं पीक यायला तेव्हा अजून दोन-तीन महिने असतात, जुना साठा सरत आलेला असतो आणि भाव बहुधा चढलेला असतो. शेतातून घाऊक भावानं गेलेली तूर घरी परत येते ती किरकोळ भावानं, पुडीतून.

अमरावती-अकोल्यातल्या कुटुंबानं जेवणाचा खर्च कसा आवरावा, याचं निम्मं उत्तर फेब्रुवारी आणि दिवाळी यांच्यामधल्या या अंतरात आहे.

वऱ्हाडाला हे गणित नवं नाही. एकेकाळी इथे महिन्याचा किराणा ही गोष्टच नव्हती, ‘साल भरणं’ होतं. खरिपाची ज्वारी दिवाळीच्या आगेमागे घरात यायची, हरभरा आणि तूर माघ-फाल्गुनात, गहू चैत्रात. मिरची, हळद, चिंच ज्याच्या त्याच्या हंगामात भरली जायची. धान्य कणगीत किंवा जमिनीखालच्या पेवात उतरायचं, डाळ जात्यावर भरडून, उन्हं दाखवून डब्यांत जायची. घरच्या माणसांची संख्या, पाहुणे, सणवार आणि सालदाराचा वाटा धरून बायका वर्षाचा अंदाज मनात बांधत. सालदाराचा करार पाडव्याला ठरे, तेव्हा पैशांबरोबर ज्वारीची पोतीही ठरत. शेतात कापणीला जाणाऱ्या बाईची मजुरी अनेकदा धान्यातच मिळे. म्हणजे ज्याच्याकडे वावर नाही, त्याच्याही घरात हंगामाला धान्य येत असे.

ही घडी मोडली त्यामागे पिकांचा बदल मोठा आहे. ऐन दाणा भरण्याच्या वेळी पाऊस लांबला की खरिपाची ज्वारी काळी पडते. पाखरं आणि रानडुकरं उरलेल्यावर ताव मारतात. अशात १९८० आणि ९०च्या दशकांत सोयाबीन आलं, तीन-सव्वातीन महिन्यांत रोख पैसे देऊ लागलं आणि ज्वारीचं क्षेत्र आक्रसत गेलं. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यात चुकीचं काही नव्हतं. पण ज्वारी कापणाऱ्या बाईला कणसं घरी नेता येत होती, सोयाबीनच्या शेंगा नेऊन तिची चूल पेटत नव्हती. पीक तेलगिरणीकडे गेलं, मजुरी रोख झाली आणि स्वयंपाकघर दुकानाशी बांधलं गेलं.

धान्याची उणीव रेशननं बऱ्यापैकी भरून काढली, हे मान्य केलंच पाहिजे. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. चार माणसांच्या घरात २० किलो गहू-तांदूळ आले की भाकरी-पोळीची चिंता बरीच मिटते. केशरी कार्ड असलेल्या शेतकऱ्यांसाठी अमरावती विभागातल्या जिल्ह्यांसह राज्यातल्या १४ जिल्ह्यांत वेगळी सोय होती: २०१५पासून २ रुपये किलोनं गहू आणि ३ रुपये किलोनं तांदूळ. २०२३मध्ये ते धान्य बंद होऊन त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँक खात्यात येऊ लागले, पुढच्या वर्षी ते १७० झाले. चौघांच्या घराला ६८० रुपये. धान्याचं पोतं घरात उतरलं की ते खाल्लंच जातं. खात्यात आलेले ६८० रुपये मात्र खताच्या उधारीत जातील की मुलाच्या बसच्या पासमध्ये, हे त्या महिन्याची ओढाताण ठरवते. म्हणून अशा घरांनी ही रक्कम हिशोबाच्या वहीत ‘जेवण’ या खात्यावरच लिहिण्याची सवय लावलेली बरी.

पण मोफत असो की रोख, हे सगळं गहू-तांदळाचं. डाळ, तेल, भाजी, दूध यांचा भार घरावरच राहतो, आणि आज खर्चाची खरी लढाई तिथेच आहे.

देशपातळीवरचे आकडे याला दुजोरा देतात. २०२२-२३च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भारतातल्या माणसाच्या महिन्याच्या खर्चापैकी ४६ टक्क्यांहून थोडा अधिक वाटा खाण्यापिण्यावर दिसला. मोफत रेशनची किंमत त्यात धरलेली नव्हती. या खर्चात धान्याचा वाटा ५ टक्क्यांच्या आतच होता, तर चहा-कॉफीसारखी पेयं, नाश्त्याचे पदार्थ आणि पाकीटबंद तयार खाणं यांचा वाटा साडेनऊ टक्क्यांच्या पुढे. घरातल्या धान्यावर जेवढं खर्च होतं त्याच्या जवळपास दुप्पट बिस्किटं, फरसाण, चहा आणि पुड्यांवर. काटकसर करायची म्हटली की घराघरांत आधी भाजीला कात्री लागते, दूध पातळ होतं, डाळीत पाणी वाढतं. पुड्यांचा हिशोब कुणी मांडत नाही, कारण ते पैसे पाच-दहा रुपयांनी जातात.

म्हणून आखणीची सुरुवात धान्यापासून न करता डाळीपासून करावी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या ताटात त्यांनी डाळी, कडधान्यं किंवा अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम धरले आहेत. भाज्या ४०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. चौघांच्या घराला हाच हिशोब लावला तर महिन्याला १० किलोंच्या आसपास डाळी-कडधान्यं लागतात. आपल्या घरात महिन्याला किती डाळ येते ते प्रत्येकीनं किंवा प्रत्येकानं एकदा मोजून पाहावं. पुष्कळ घरांत ती याच्या निम्मीही भरणार नाही.

आता तुरीचं गणित. एक क्विंटल तुरीपासून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, वर चुणी आणि भुसा जनावरांसाठी. २०२५-२६च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव ८००० रुपये क्विंटल आहे. त्या भावानं तूर घेतली तर डाळ किलोला १०७ ते ११४ रुपयांत पडते, त्यावर भरडाईची मजुरी. बाजारात तूर हमीभावाखाली विकली जाते त्या वर्षी, शेतकऱ्याचं दुःख बाजूला ठेवून बोलायचं तर, विकत घेणाऱ्या घराला ती आणखी स्वस्त मिळते. रोज १०० ग्रॅम तूरडाळ शिजवणाऱ्या घराला वर्षाला साडेछत्तीस किलो डाळ लागते, म्हणजे अर्ध्या क्विंटल तुरीत वर्ष निघतं. अर्धा क्विंटल तूर म्हणजे एकच पोतं. ते एकट्याला जड जात असेल तर दोन घरांनी मिळून घ्यावं.

भाव किती हलतात हे वऱ्हाडानं जवळून पाहिलं आहे. २०१५च्या ऑक्टोबरात तूरडाळ किरकोळ बाजारात अनेक शहरांत २०० रुपये किलोपर्यंत पोचली होती. भाव पाहून पुढच्या खरिपात शेतकऱ्यांनी तूर वाढवली, पाऊसही चांगला झाला आणि २०१७च्या सुरुवातीला इतकी तूर आली की ५०५० रुपयांच्या हमीभावाखाली ती विकली जाऊ लागली. खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. ज्या घरांनी त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर भरडून ठेवली, त्यांचं वर्षभराचं वरण स्वस्तात निघालं.

भरडायची कुठे? जात्यावर डाळ करणं आजच्या बाईला सांगणं अन्यायाचं होईल. त्यासाठी अकोल्याच्याच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं उपाय शोधलेला आहे. १९६९मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात ‘पीकेव्ही मिनी दालमिल’ विकसित झाली. मोठ्या गिरणीसाठी लागणारी जागा आणि भांडवल नसलेल्या गावातही ती चालते. तुरीचं साल डाळीला डिंकासारख्या थरानं चिकटलेलं असतं, म्हणून दाणे आधी थोडे खरडतात, तेल चोळतात, पाणी मारून मुरवतात, उन्हात वाळवतात आणि मग भरडतात. जात्याच्या काळातही याच पायऱ्या होत्या, फक्त त्या बाईच्या मनगटावर होत्या. अशा छोट्या गिरण्यांमध्ये घरची तूर नेऊन डाळ करून आणता येते. काही ठिकाणी महिला बचत गटही या गिरण्या चालवतात.

साठवणीचा एक बारकावा इथेच सांगायला हवा. अख्ख्या तुरीपेक्षा डाळ जास्त टिकते, कारण भुंगेरा अंडी घालायला सालासकटचा अख्खा दाणा निवडतो. ही कीड शेतातूनच दाण्याबरोबर घरी येते, तेव्हा तूर घेतल्यावर ती महिनोन् महिने पोत्यात ठेवू नये. डाळ कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोठीत भरावी. गरम डाळ भरली की आत घाम धरतो. कडुलिंबाचा सुकलेला पाला घालण्याची जुनी रीत चांगलीच आहे, पण पाला ओला नको. गव्हाला एरंडेल तेलाचा हात लावतात तोही याच कारणासाठी.

स्वयंपाकाच्या पूर्वतयारीबद्दल हल्ली पुष्कळ सल्ले मिळतात: रविवारी आठवड्याभराचं शिजवून डबे भरून ठेवा, रोज गरम करून खा. थंड देशांत आणि मोठ्या फ्रिजच्या घरांत ते जमत असेल. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि सकाळचं वरण दुपारी आंबतं. शिजलेला भात तर दोन तासांहून जास्त बाहेर ठेवूच नये. त्यात वाढणाऱ्या काही जिवाणूंचं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. या हवेत तयारी करायची ती शिजवलेल्या अन्नाची नाही, वाळवलेल्या, भाजलेल्या आणि भिजवलेल्या जिनसांची.

आणि हेच ऊन इथलं फुकटचं इंधन आहे. वऱ्हाडातलं वाळवण हौसेचा भाग म्हणून सांगितलं जातं, प्रत्यक्षात ती पावसाळ्याची बेगमी होती. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, चीक काढून केलेली कुरडई फक्त तळायची नसते. भिजवून कांद्यावर परतली की भाजी होते. मुंगवड्या म्हणजे डब्यात बंद करून ठेवलेली मुगाची डाळ: कांदा-लसणाच्या फोडणीवर रस्सा केला की चार माणसांचं जेवण उरकतं. गवार, कारली, वांग्याच्या काचऱ्या, ज्वारीचे पापड, खारोड्या, सरगुंडे. जुलै-ऑगस्टमध्ये भाजीबाजारात टोमॅटो शंभरीच्या पलीकडे जातो आणि कोथिंबिरीची जुडी परवडत नाही, त्या आठवड्यांसाठी हे सगळं केलेलं असे. २०२३च्या जुलैत टोमॅटोनं अनेक शहरांत दीडशे रुपये ओलांडले तेव्हा ज्यांच्याकडे चिंच, आमचूर आणि वाळलेल्या वड्या होत्या त्यांचं स्वयंपाकघर अडलं नाही.

वाळवणात सर्वांत दुर्लक्षित राहिलेली वस्तू म्हणजे हरभऱ्याची भाजी. पेरणीनंतर महिन्याभरात हरभऱ्याचे शेंडे खुडतात. खुडल्यानं झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि घाटे वाढतात, म्हणून शेतकऱ्याचाही त्यात फायदा असतो. हा पाला ताजा असताना त्याचा घोळाणा होतो: तेल, तिखट, मीठ, कच्चा कांदा आणि भाकर. उरलेला सावलीत वाळवून, हातानं चुरून बरणीत ठेवला की पावसाळ्यात मूठभर भाजीला थोडी तूरडाळ आणि लसणाची फोडणी पुरते. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडे हरभऱ्याची वावरं नजर पोचेल तिथपर्यंत असतात. तिथल्या घरांत डिसेंबरात एक दिवस या कामाला दिला तर पावसाळ्यातल्या कितीतरी जेवणांची भाजी फुकट मिळते. शहरातल्यांनाही ही भाजी हंगामात आठवडी बाजारात मिळते. वाळवायला गच्ची पुरते.

याच पूर्णेच्या खोऱ्यात एक अडचण आहे आणि बाहेरच्या सल्लागारांना ती माहीत नसते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा हा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारं असल्यामुळे परसबाग जगवणं कठीण जातं आणि अशा जड पाण्यात डाळही लवकर शिजत नाही, कारण त्यातले क्षार दाण्याचं आवरण मऊ होऊ देत नाहीत. जास्त शिट्ट्या म्हणजे जास्त गॅस. सोडा घातला तर डाळ शिजते, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. त्यापेक्षा पिण्याचं गोडं पाणी डाळ भिजवायला आणि शिजवायला वापरावं आणि डाळ तासभर आधी भिजत घालावी. अख्खा हरभरा, वाटाणा, मटकी रात्रभर भिजवावी. भिजवणं म्हणजे झोपेत होणारी तयारी आहे, तिला ना वीज लागते ना वेळ.

वऱ्हाडी जेवणात डाळीला इतकी रूपं आहेत की आठवडा सहज निघतो. एक दिवस साधं वरण, एक दिवस डाळ-कांदा, एक दिवस पालक घालून डाळभाजी. बेसनाची पातोडी करून रस्सा, नाहीतर झटपट कोरडं बेसन. कढीत सोडलेले डुबुकवडे. थंडीत तुरीचे सोले आणि वांगं. या यादीतल्या बहुतेक पदार्थांत भाजी महाग असेल तेव्हा डाळ पुढे येते आणि भाजी स्वस्त असेल तेव्हा डाळ मागे सरते. डिसेंबर-जानेवारीत मेथी, पालक, वांगी ढिगानं असतात, तेव्हा भाजी भरपूर करावी. जूननंतर बेसन-डाळीवर यावं. आठवड्याचा आराखडा वारांवर बांधण्यापेक्षा बाजारभावावर बांधला तर तो पाळलाही जातो.

पोषणाच्या दृष्टीनंही ही जोडी पक्की आहे. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर. डाळीत जे कमी पडतं ते ज्वारी देते. म्हणून भाकर आणि बेसन एकत्र खाल्लं की दोघांतली प्रथिनं शरीराला अधिक चांगली लागतात. वरून लिंबू पिळलं तर धान्य-डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं आणि जेवल्याबरोबर चहा घेतला तर कमी. हा बदल करायला एक रुपयाही लागत नाही. रक्त कमी असलेल्या बायकांच्या आणि मुलींच्या घरात तो आजपासून व्हायला हवा.

सोयाबीनही घरात येऊ शकतं, मात्र कच्चं नाही. त्यात पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, ते उष्णतेनं निष्प्रभ होतात. उकळत्या पाण्यात २० ते २५ मिनिटं उकळून, वाळवून, नऊ-दहा किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळलं की पोळीची चव फारशी बदलत नाही आणि प्रथिनं वाढतात. दारात पिकणाऱ्या मालाचा घरात एवढा तरी उपयोग व्हावा.

तेलाचा हिशोब सगळ्यांत सोपा आहे. पोषण संस्थेच्या प्रमाणानं चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास तेल पुरतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढंच तेल वेगळ्या डब्यात काढावं आणि त्यातच भागवावं. देशाच्या गरजेचं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे परदेशातल्या युद्धानं आणि आयात शुल्काच्या बदलानं इथला भाव हलतो. २०२२ साली युक्रेनच्या युद्धात ते सगळ्यांनी सोसलं. त्याच्यावर घराचा ताबा नाही, डब्यावर आहे. जवस, तीळ, शेंगदाणे यांच्या कोरड्या चटण्या रोज ताटात असल्या तर भाजीला तेल थोडं कमी पडलं तरी जेवण रुचतं. जवसाची चटणी तर वऱ्हाडाची हक्काची.

वर्षभर पै-पै वाचवून एका तेरवीत किंवा लग्नाच्या पंगतीत ती उधळणं हेही इथलं जुनं दुखणं. शेंडगावात जन्मलेले आणि १९५६मध्ये वलगावजवळ देह ठेवलेले गाडगेबाबा कीर्तनांतून कर्ज काढून जेवणावळी घालू नका म्हणून सांगत फिरले. तो सल्ला अजून जुना झालेला नाही. घरखर्चाची कुठलीही आखणी एका कर्जाच्या पंगतीपुढे टिकत नाही.

आता प्रश्न उरतो तो हे सगळं करायचं कुणी. तूर निवडायची, डाळ वाळवायची, चीक काढायचा, हरभऱ्याची भाजी खुडायची. हे सगळं बायकांच्याच वाट्याला येतं, आणि त्याच बायका खरिपात निंदणीला आणि दिवाळीनंतर कापूस वेचायला जातात. वर्षाचं धान्य आणि डाळ विकत आणणं, दळून आणणं, पोती उचलून कोठ्या भरणं ही कामं घरातल्या पुरुषांनी घ्यायला कोणतंही कौशल्य आड येत नाही. आणि ज्या घरात वाळवण करायला खरोखरच कुणाला वेळ नाही, त्यांनी ते बचत गटांना आधीच सांगून मार्च-एप्रिलमध्ये करून घ्यावं. माल ताजा मिळतो, भाव आधी ठरतो आणि गटातल्या बायकांना शेतात काम नसलेल्या दिवसांत मजुरी मिळते. मागणी होळीच्या आधी गेली पाहिजे, कारण एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेक गटांच्या वह्या भरलेल्या असतात.